यादीतलं शेवटचं नाव

तोर्वालमध्ये दुकान एकच, ते माझं; आणि होडीची इंजिनं दुरुस्त करणारा एकच, तो आस्मुंड ग्रेडाल. आमच्यापुढे रस्ता संपतो आणि डोंगर सुरू होतो. इंजिन बिघडलं की त्याच्या होडीघरात नेऊन टाकायचं, दोन दिवसांनी घेऊन यायचं. पैसे विचारले तर म्हणायचा, "राहू दे गं मार्गून, एक पाना तर फिरवला." मग मी कॉफीचा डबा द्यायची, आणि तो घेताना असा लाजायचा की बघणाऱ्याला वाटावं, ह्यानंच काहीतरी चोरलंय. पुढारी व्हायला जी कातडी लागते ती त्याच्याकडे नव्हती. ती असलेली माणसं गावात चिक्कार होती, हे आधीच सांगून ठेवते.

त्यांतली पहिली म्हणजे बोर्गहिल्ड, आमच्या गावकरी यादीची पुढारीण. मोठे पक्ष सगळे हाव्रेनेसचे. हाव्रेनेस फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांमधे घुसलेल्या लांब खाडीच्या, तोंडाशी, पालिकेची कचेरी तिथं, शुश्रूषागृह तिथं, दंतवैद्यसुद्धा तिथं. आतल्या टोकाच्या लोकांनी आपली वेगळी यादी काढायची ही जुनी रीत. पण यादीला नावं लागतात, आणि पहिल्या चार-पाच हौशी नावांनंतर कुणी मिळत नाही. मग भरतीची नावं घालतात. कुणाची मावशी, कुणाचा मेव्हणा. निवडणुकीच्या आधी बोर्गहिल्ड होडीघरात गेली आणि आस्मुंडला म्हणाली, तुझं नाव अगदी शेवटी टाकते, कागद भरलेला दिसावा म्हणून. तो 'हं' म्हणाला. त्याची बायको ओलाउग त्याच वसंतात गेली होती. तिच्यामागे तो कुणालाही 'हं'च म्हणत होता.

आमच्याकडे मत देताना एका पक्षाची यादी उचलायची, आणि तिच्यातलं एखादं नाव आवडीचं असेल तर त्यापुढे फुली मारायची. ज्याला फुल्या जास्त तो वर सरकतो. आता तोर्वालच्या लोकांनी काय केलं असेल? ज्यानं फुकटात इंजिनं दुरुस्त केली त्याला फुल्या मारल्या. कुणी दुखवट्यापोटी मारली, कुणी गंमत म्हणून. मी नव्हती मारली, मला वाटलं गरिबाला कशाला त्रास. मोजणी झाली तेव्हा शेवटचं नाव बोर्गहिल्डच्याही वर गेलं होतं आणि तिच्याबरोबर आस्मुंडही नगरसेवक झाला होता.

दुसऱ्या दिवशी लोक दुकानात जमले, केक आला. ज्याच्यासाठी आला तो खिडकीजवळच्या कॉफीच्या टेबलाशी बसून विचारत होता, आता हे परत कसं करायचं. बुटाचा नंबर चुकला तर जसे परत देतात, तसं काहीतरी असेल असं त्याला वाटलं. नसतं. आमच्या कायद्यात निवडून आलेल्याला राजीनामा देता येत नाही. सुटका मागता येते, ती पालिकेच्या सभेनं मंजूर करायची, आणि तीसुद्धा आजारपण असेल किंवा फारच हाल होत असतील तर. सभेला हजर राहणं सक्तीचं. हजर असताना ठराव मताला पडला की बाजू घेणं सक्तीचं. कोरं मत चालत नाही, बाहेर जाऊन सिगारेट ओढणं चालत नाही. गावचं काम गावच्या साध्या माणसांनी करावं, धंदेवाईक पुढाऱ्यांनी नव्हे, असा त्यामागचा विचार. विचार चांगलाच आहे, तो आस्मुंडवर बेतला इतकंच.

त्यानं अर्ज केला. 'मला सभेत बोलता येत नाही आणि आकडे कळत नाहीत' असं कारण लिहिलं. नगराध्यक्षा तुरिद, मासळीच्या कारखान्यातून वर आलेली, आवाजही तसाच, तिनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. हाव्रेनेसचा एक जण म्हणाला की हे कारण धरलं तर निम्मी सभा घरी पाठवावी लागेल. हशा झाला आणि अर्ज नामंजूर. जिन्यात तुरिदनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली की यातून सुटायचे दोनच रस्ते, पालिकेची हद्द सोड नाहीतर मर. तिनं थट्टा केली होती. ह्यानं दुसऱ्या दिवशी मला ते अगदी गंभीर तोंडानं सांगितलं.

मग तो जायला लागला. दर महिन्याला सभेच्या कागदांचा गठ्ठा यायचा. तो होडीघरात बाकावर बसून वाचायचा, आणि प्रत्येक पानावर ग्रीसचा अंगठा उमटायचा. हळूहळू त्याला कोणाचं काय ते उमगलं. देशाकडे इस्पितळं. जिल्ह्याकडे मोठे रस्ते, फेरीबोटी आणि मोठ्या मुलांचं शिक्षण. बाकी सगळं पालिकेच्या गळ्यात: लहान मुलं, म्हातारी माणसं, पाणी, सांडपाणी.

"म्हणजे बघ," तो मला म्हणाला, "माणूस सोळाचा होईपर्यंत आपला, आणि ऐंशीनंतर पुन्हा आपला. मधल्या काळात तो कर भरतो."

"आणि मधल्या काळात तो शहरात जाऊन भरतो," मी म्हटलं.

तो हसला नाही, कारण ते गठ्ठ्यात तसंच लिहिलं होतं. पालिकेचा पैसा म्हणजे लोकांच्या प्राप्तिकरातला वाटा, वर सरकारचं अनुदान, तेही डोकी मोजून, आणि खाली घरपट्टी. डोकं गेलं की त्याच्यामागचं अनुदान जातं. शाळेची खोली मात्र तेवढीच राहते, आणि तिला सरपणही तेवढंच लागतं. डोंगरापलीकडच्या फोस्लीची गोष्ट वेगळी. पाणी आमच्या डोंगरावरचं, पण बोगद्यातून पलीकडे नेलेलं, वीजघर त्यांच्या हद्दीत, म्हणून वीजघराची घरपट्टीही त्यांची. त्यांच्याकडे पोहण्याचा तलाव आहे आणि पायवाटांखाली गरम पाण्याचे नळ, बर्फ साचू नये म्हणून. आमच्याकडे बर्फ आहे.

त्यात आमच्या पालिकेनं दोन वर्षं अंथरूण सोडून पाय पसरले. सरकारनं तिला देखरेखीखालच्या पालिकांच्या यादीत टाकलं. लोक तिला काळी यादीच म्हणतात. अंदाजपत्रक सरकारी माणूस तपासणार, विचारल्याशिवाय कर्ज नाही. घरपट्टी एका वर्षात जेवढी चढवता येते तेवढी चढवून झाली होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दुसऱ्या वर्षीच्या शरदात मुख्याधिकाऱ्यानं, हा शहरातून आलेला सडपातळ माणूस, भांडण न करता दोन गोष्टी पुढे ठेवल्या. एक तर तोर्वालची शाळा बंद करायची. नाहीतर शुश्रूषागृहात रात्रपाळीला दोन नर्सेस आहेत त्यांतली एक कमी करायची. तिसरं काही छाटायचं उरलं नव्हतं.

तोर्वालच्या शाळेत एका खोलीत लहान मुलं, दुसऱ्या खोलीत मोठी, सगळी मिळून एका लांब टेबलाभोवती मावतील इतकी. त्यांत दोन आस्मुंडची नातवंडं, ब्रागे आणि तिरिल. त्यांची आई गुरो, आस्मुंडची एकुलती एक मुलगी. नवऱ्याशी फाटलं तेव्हा ती पोरांना घेऊन शहरातून परत आली होती, बापाच्या शेजारचं घर घेतलं, मत्स्यशेतीच्या कचेरीत नोकरी धरली. आली ती शाळा पायी जाण्याच्या अंतरावर आहे म्हणून. शाळा बंद झाली तर पोरांना बसनं हाव्रेनेसला जायचं, आणि तो रस्ता हिवाळ्यात दर थोड्या दिवसांनी वरून कोसळणाऱ्या बर्फाखाली गाडला जातो. रस्ता जिल्ह्याचा, वर छत बांधायचं ते जिल्ह्यानं, आणि जिल्हा दरवर्षी म्हणतो, पुढच्या वर्षी. गुरोनं स्पष्ट सांगून टाकलं होतं की माझी पोरं त्या रस्त्यावरून रोज जाणार नाहीत, त्यापेक्षा मी फोस्लीला जाईन. आणि गुरो बोलते ते करते, त्या बाबतीत ती आईवर गेलीय.

ती गेली तर आस्मुंडचं काय राहणार, हे आम्हाला दिसत होतं. रात्रीचं जेवण तो तिच्याकडे जेवायचा. दुपारी शाळा सुटली की तिरिल होडीघरात येऊन बसायची आणि त्याला खिळे जातीप्रमाणे वेगळे करून द्यायची, सगळे चुकीच्या डब्यांत. ओलाउग गेल्यावर त्याला पुन्हा माणसांत आणलं ते ह्या पोरांनी. म्हणून कुणी त्याला विचारलंच नाही. सभेत शाळा ठेवणारे आपण आणि बंद करणारे ते जवळजवळ बरोबरीत, एका हाताचा फरक, आणि आस्मुंडचा हात आपला, असं बोर्गहिल्ड सगळ्यांना सांगत फिरली. गुरोनंही विचारलं नाही. बापाला काय विचारायचं?

मला मात्र कळलं. एका दुपारी दुकानात दुसरं कुणी नव्हतं, कॉफी समोर थंड होत होती.

"मार्गून," तो म्हणाला, "ओलाउग गेली त्या रात्री सेनाइत तिच्यापाशी बसली होती. हे मी तुला सांगितलंय का?"

दहादा सांगितलं होतं. ओलाउग हाव्रेनेसच्या शुश्रूषागृहात होती; त्या रात्री रस्ता बर्फाखाली होता, त्याला पोचता आलं नाही. सेनाइत नावाची नर्स रात्रभर ओलाउगचा हात धरून बसली, आणि बाकीच्या खोल्यांच्या घंटा दुसरीनं एकटीनं सांभाळल्या. तो पहाटे बर्फ हटवणाऱ्या गाडीमागून पोचला तेव्हा सेनाइत तशीच बसलेली होती. आता त्यानं पुढचं वाक्य जोडलं.

"दोघी होत्या, म्हणून एकीला बसता आलं."

म्हणजे आस्मुंडचा हात आपला नव्हता. मी त्याला म्हटलं, हे आत्ताच्या आत्ता गुरोला जाऊन सांग. तो सांगतो म्हणाला आणि सांगितलं नाही. रोज तिच्या टेबलावर जेवत होता, रोज सांगायचं ठरवत होता, आणि रोज तिरिल त्याच्या मांडीवर येऊन बसत होती. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण तिथं निदान मधे उभं राहायची सोय असते. ह्याला कायदा मधे उभंही राहू देत नव्हता.

मग तो पळवाटा शोधायला लागला. आधी डॉक्टरकडे गेला, झोप येत नाही म्हणून. डॉक्टरनं तपासून सांगितलं की तुझं हृदय तिशीतल्या माणसासारखं आहे. तो इतका निराश होऊन परत आला की मला हसू आवरेना. मग त्याला गठ्ठ्यात सापडलं की ज्या विषयात सभासदाच्या जवळच्या नातेवाइकांचा हितसंबंध असेल त्या विषयातून त्याला बाहेर बसवता येतं. स्वतःची नातवंडं त्या शाळेत. ह्याहून जवळचं काय असतं? सुंठीवाचून खोकला जाणार, म्हणून तो जरा जेवायलाही लागला. बोर्गहिल्डलाही चालण्यासारखं होतं, कारण त्याच्या जागी यादीतला पुढचा माणूस गुडलेइक बसला असता, आणि गुडलेइकचा हात डोळे मिटून शाळेकडे.

डिसेंबरच्या सभेला आम्ही बस केली. मी दुकान बंद ठेवलं, पोरांनी पाट्या रंगवल्या, गुरो दोन्ही मुलांना घेऊन पहिल्या ओळीत बसली. सुरुवातीलाच आस्मुंडचा विषय निघाला. त्याच्या पात्रतेवर चर्चा म्हणून त्याला बाहेर पाठवलं. दारातून मला तो कोटांच्या खुंट्यांखाली बाकावर बसलेला दिसत होता. तुरिदनं सभेला विचारलं की ज्यांचं पोर, नातवंडं, भाचरं त्या शाळेत आहेत, किंवा ज्यांची आई, सासू, मावशी शुश्रूषागृहात आहे, त्यांनी हात वर करा. सगळे हात वर गेले. एक राहिला, नवीन आलेल्या दंतवैद्याचा.

"मग ह्या दंतवैद्यानंच एकट्यानं ठरवायचं का?" तुरिद म्हणाली.

सगळे हसले, दंतवैद्य लाल झाला, आणि आस्मुंड पात्र ठरला. कारकून त्याला बोलवायला गेला. त्यानं घरी जायच्या तयारीनं कोट चढवलेला होता. तो कोटासकट आत आला आणि तसाच बसला.

बोर्गहिल्ड फार छान बोलली, मला रडू आलं. ती बसल्यावर आस्मुंडनं बोलायला हात वर केला. पहिल्यांदाच. आमच्या ओळीत लोक एकमेकांना कोपर मारायला लागले.

"मला बोलता येत नाही, तसं मी अर्जात लिहिलं होतं," तो म्हणाला. थोडे लोक हसले. "माझी बायको इथल्या शुश्रूषागृहात गेली. त्या रात्री मी नव्हतो. एक जण तिच्यापाशी बसली आणि एक धावत होती. एकच असती तर तीही धावलीच असती, धावायलाच पाहिजे. मग ओलाउगपाशी कुणी नसतं." मग त्यानं सभेकडे पाठ केली आणि पहिल्या ओळीकडे बघून म्हणाला, "गुरो, मी तुला सांगणार होतो."

आणि मताला पडल्यावर त्यानं हात वर केला, शाळा बंद करण्याच्या बाजूनं. ठराव एका हातानं मंजूर झाला, उन्हाळ्याच्या सुट्टीपासून शाळा बंद. गुरोनं तिरिलच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावली, मग ब्रागेची लावली, आणि पाट्या उचलून ती बाहेर गेली.

तोर्वालला परत जायला ती एकच बस होती. तोही तिच्यातच चढला. पुढची बाकं रिकामी सुटली होती, तिथं तो एकटा बसला. तासाभराचा रस्ता, आतले दिवे चालू, आणि त्याच्या मानेकडे बघत आम्ही सगळे मागे.

आमच्याकडे माणूस वाळीत टाकायची वेगळी पद्धत नाही, आम्ही नुसते गप्प होतो. इंजिनं डोंगरापलीकडे फोस्लीला जायला लागली. होडीघरात दिवा असायचा, पण काम नसायचं. गुरो त्याला जेवायला बोलवायची, तेवढी ती सोडणारी नव्हती; पण ताट वाढायची आणि उठून भांडी घासायला लागायची. मीही काही संत नाही. कॉफी दिली, सुटे पैसे दिले, संपलं. एकदा न राहवून सुनावलं की आधी शाळा जाते, मग पोरं, मग बस, मग माझं दुकान, आणि मग तू कुणासाठी नगरसेवक राहणार आहेस, सीगल पक्ष्यांसाठी? तो म्हणाला, "खरं आहे तुझं." भांडायला आलेल्या माणसाला असं म्हणू नये, फार राग येतो. मला आजही वाटतं की त्यानं चूक केली. गावातून शाळा गेली की गाव राहत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

हिवाळाभर तो वाळत गेला. अंगातला स्वेटर दुसऱ्याचा वाटायला लागला. मे महिन्यात गुरो त्याला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली, आणि ह्यावेळी डॉक्टर तिशीतल्या हृदयाचं काही बोलला नाही. झोप नाही, वजन नाही, हात थरथरतात. ह्या माणसाला ताबडतोब सभेच्या कामातून मोकळं करावं, असं त्यानं लिहून दिलं. असल्या दाखल्यावर सुटका नाकारायची कुणाची छाती नव्हती. दंतवैद्यानं तर आधीच सांगितलं होतं की त्या बिचाऱ्याला आता सोडा. सगळं जुळून आलं. जूनच्या सभेत आधी आस्मुंड सुटणार, त्याच्या जागी गुडलेइक येणार, आणि मग बोर्गहिल्ड शाळेचा विषय पुन्हा काढणार. एका हाताचा तर फरक होता. ऑगस्टमध्ये शाळा उघडली असती.

त्या अर्जावर सही तेवढी राहिली होती. टपालाचं काम माझ्याच काउंटरवर चालतं, म्हणून गुरो त्याला घेऊन दुकानात आली. सही झाली की लगेच टाकायचा, असा तिचा बेत. खिडकीजवळच्या टेबलाशी दोघं बसली. मी पाठ करून डबे लावायला लागले, पण दुकान केवढं, सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, इथं सही कर. बाकी सगळं लिहिलंय."

त्यानं चष्मा लावला आणि शेवटपर्यंत वाचलं.

"म्हणजे मी सुटतो," तो म्हणाला.

"तू सुटतोस. शाळा उघडते. मी फोस्लीच्या घराला नाही म्हणून कळवते आणि आम्ही इथंच राहतो. पहिल्या दिवसापासून तुला सुटायचंच होतं ना?"

"सुटायचंच होतं गं. दुसरं काही नको होतं मला."

"मग?"

त्यानं पेन घेतलं. मी वळून बघितलं, माझ्याच्यानं राहवेना. पेन कागदावर टेकलेलं होतं. मग त्यानं ते खाली ठेवलं.

"रात्रपाळीची दुसरी बाई जाणार," तो म्हणाला.

"बाबा." गुरोचा आवाज फार हळू झाला. "आई गेली. आता आईपाशी कुणी बसायचं राहिलेलं नाही."

"हो. आई गेली."

"मग कुणासाठी चाललंय तुझं हे?"

तो विचार करत बसला, जसा एखाद्या इंजिनाचं नेमकं काय बिघडलंय ते बघताना बसायचा.

"सध्या बोर्गहिल्डची आई आहे तिथं," तो म्हणाला. "तिला ऐकू येत नाही, अंधारात घाबरते. तिच्यानंतर मी जाईन. मग ही मार्गून."

डबा हातात धरून मी तशीच उभी राहिले. माझं नाव त्या रांगेत इतक्या सहज घेतलेलं मला बिलकुल आवडलं नाही. माझी पोरं कुठं आहेत ते त्याला माहीत होतं, एक समुद्रावर आणि एक परदेशात.

"आणि ब्रागे नि तिरिल?" गुरोनं विचारलं. "ती कुणी नाहीत का?"

"त्यांना तू आहेस."

"आणि तुला?"

त्यानं कागद तिच्याकडे सरकवला. मला वाटलं आता ती ओरडेल. ओरडली नाही. तिनं कागद घडी करून खिशात घातला, बापाच्या स्वेटरची वर चढलेली कॉलर नीट केली, काउंटरवर येऊन पोरांसाठी दूध घेतलं आणि गेली. तो टेबलाला टेकून रडला. मी कॉफी नेऊन ठेवली. दुसरं काय करणार?

जूनच्या शेवटी ट्रक आला. सामान चढवायला गावातले सगळे गेलो होतो, तेवढं आमच्यात आहे. पलंगाची एक बाजू आस्मुंडनं धरली. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. ट्रक भरल्यावर तिरिल म्हणाली की आजोबा, तूही चल, नव्या घरात तुझी गादी टाकलीय.

"शनिवारी येतो," तो म्हणाला. "आज माझी सभा आहे."

खरंच होती. सामानाच्या धांदलीत त्याची बसही चुकली होती. तो नळावर हात धुऊन, स्वच्छ सदरा घालून, गठ्ठा काखेत मारून माझ्या दारात आला आणि हाव्रेनेसला सोडशील का म्हणून विचारलं. मी दुकानाला कुलूप लावलं आणि गाडी काढली.

गावातून बाहेर पडायला रस्ता एकच. त्यामुळे पुढे ट्रक, त्याच्यामागे गुरोची गाडी, तिच्यामागे आम्ही, अशी वरात निघाली. तिरिल मागच्या काचेतून आमच्याकडे बघत होती आणि सारखा हात हलवत होती. हाही हलवत होता, गठ्ठा मांडीवर धरून. असे आम्ही फाट्यापर्यंत गेलो. तिथं ते फोस्लीकडे वळले, आणि मी गाडी सरळ नेली.